केनियाला निघालात? यलो फिव्हरचा दाखला खरा लागतो तो घरी परतताना

कोविडच्या काळात परदेशी निघणाऱ्या प्रत्येकाला काही गोष्टी तोंडपाठ झाल्या होत्या. ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर, त्यावर क्यूआर कोड, 'एअर सुविधा' या सरकारी पोर्टलवरचा अर्ज. ते दिवस गेले. पण प्रवासाच्या आरोग्यविषयक कागदांपैकी एक कागद कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे आणि आजही तितक्याच कडकपणे मागितला जातो. तो म्हणजे पीतज्वराच्या लसीचा दाखला, ज्याला सगळे 'यलो फिव्हरचं कार्ड' म्हणतात. पुण्या-मुंबईहून केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाणाऱ्यांची संख्या वाढली, तसे आमच्या नात्यातले आणि सोसायटीतले लोक मला याबद्दल विचारू लागले. आम्ही स्वतः गेलो तेव्हा माझ्या आत्येभावाला ऐन वेळी तिकीट पुढे ढकलावे लागले होते. कारण साधे होते. त्याने लस घेतली होती, पण निघायच्या आठ दिवस आधी. त्या दोन दिवसांनी त्याचे जे पैसे आणि जो उत्साह गेला, तो आठवला की वाटते, ही माहिती एकदा नीट लिहून ठेवावी.

हा दाखला मागतो कोण

इथेच बहुतेकांची चूक होते. लोकांना वाटते की केनियावाले मागतात म्हणून दाखला लागतो. मग कोणीतरी सांगते, "अहो, आम्हाला नैरोबीत कोणी विचारलंसुद्धा नाही," आणि घरात चर्चा सुरू होते की लस घ्यायची तरी कशाला.

नैरोबीत विचारत नाहीत, हे खरे असू शकते. भारतात पीतज्वर नाही, म्हणून थेट भारतातून येणाऱ्या माणसाची केनियाला फारशी चिंता नसते. चिंता आपल्या देशाला आहे. हा आजार एडिस इजिप्ती डासामुळे पसरतो. हा तोच डास, जो आपल्याकडे डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवतो. म्हणजे डास आपल्याकडे मुबलक आहे, माणसे दाटीवाटीने राहतात, आणि कोणालाच या आजाराची प्रतिकारशक्ती नाही. फक्त विषाणू नाही. तो एका आजारी प्रवाशाच्या रक्तातून आला तर काय होईल, ही भीती खरी आहे. २०१६ मध्ये अंगोलात मोठी साथ असताना तिथून परतलेल्या ११ जणांना चीनमध्ये हा आजार असल्याचे आढळले. आशियात बाहेरून आलेले हे पहिलेच पक्के रुग्ण होते. साथ तिथे पसरली नाही, पण आपल्या आरोग्य खात्याला धास्ती का वाटते, ते यावरून कळते.

म्हणून भारताचा नियम असा आहे: पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे वैध दाखला नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाते, जास्तीत जास्त सहा दिवस. दरम्यान दाखल्याची वैधता सुरू झाली तर त्याआधी सुटका होते. सहा हा आकडा असाच आलेला नाही. डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात. नियम भारतीय नागरिकांनाही लागू आहे. "माझं घर विमानतळापासून अर्ध्या तासावर आहे, मी घरीच राहतो" ही विनंती चालत नाही. १९५४ चे विमान आरोग्य नियम आणि १९५५ चे बंदर आरोग्य नियम यांनी आरोग्य अधिकाऱ्याला तसा अधिकार दिलेला आहे.

काही देश मात्र आत शिरतानाच दाखला मागतात आणि तिथे भारतातून आलात की कुठून, हे पाहत नाहीत. घाना, युगांडा, अंगोला ही त्यातली नावे. तिथे नोकरीला किंवा व्यवसायाला जाणाऱ्यांना व्हिसाच्या अर्जासोबतच दाखला जोडावा लागतो.

आधी आपला मार्ग नकाशावर बघा

तिकीट काढण्याआधी एक कागद घ्या आणि प्रवासात पाय ठेवणार तो प्रत्येक देश क्रमाने लिहा. विमान बदलायचा थांबासुद्धा लिहा. मग केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची देशांची यादी त्याच्याशी ताडून पाहा. टूर कंपनीच्या पत्रकावर विसंबू नका, कारण ही यादी अधूनमधून बदलते.

ढोबळ चित्र असे: आफ्रिकेचा मधला पट्टा, म्हणजे पश्चिमेला सेनेगल, घाना, नायजेरियापासून पूर्वेला इथिओपिया, केनिया, युगांडापर्यंत. दक्षिण अमेरिकेत ब्राझील, पेरू, कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया, अर्जेंटिना, व्हेनेझुएला हे मोठे देश. शिवाय पनामा आणि त्रिनिदाद-टोबॅगो. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, झिम्बाब्वे, मॉरिशस, इजिप्त, मोरोक्को हे धोक्याच्या देशांत धरले जात नाहीत.

आता ज्या ठिकाणी लोक अडकतात, ते प्रसंग सांगते.

केनिया आणि टांझानिया जोडून करणारे बरेच असतात. मसाई मारा पाहायचे, मग सीमा ओलांडून सेरेंगेटी, शेवटी झांझिबारचा समुद्रकिनारा. इथे केनियातून टांझानियात शिरताना टांझानियाच दाखला मागतो, कारण त्यांच्या लेखी तुम्ही धोक्याच्या देशातून आलात.

दक्षिण आफ्रिकेला जायला दाखला लागत नाही. पण मुंबईहून इथिओपियातल्या अदीस अबाबामार्गे किंवा नैरोबीमार्गे गेलात आणि तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात, तर दक्षिण आफ्रिका दाखला मागते. तिकीट स्वस्त पडते म्हणून लांब थांब्याचे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. परतीच्या वाटेवर अशा विमानतळावर फक्त विमान बदलले आणि आवाराबाहेर पाऊल टाकले नाही, तर भारताच्या नियमात सवलतीची तरतूद आहे. पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून असते. म्हणून दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत जपून ठेवा. थांबा किती तासांचा होता, हे त्यांवरून दाखवता येते.

क्रूझचे तसेच. दक्षिण अमेरिकेच्या क्रूझवर जहाज रिओला सकाळी लागते आणि संध्याकाळी निघते. आपल्याला वाटते, आपण तर मुक्कामसुद्धा केला नाही. पण ब्राझीलमध्ये उतरलात म्हणजे ब्राझीलमध्ये गेलात. अर्जेंटिनाचेही असेच. तिथे आजाराचा धोका उत्तरेकडच्या थोड्या भागात आहे, ब्युनोस आयरिसमध्ये नाही. पण परतल्यावर आपला अधिकारी पासपोर्टवरचा देशाचा शिक्का पाहतो, शहर नाही. केनियाचेही तेच. नुसते नैरोबीत दोन दिवस बैठकीला गेलेल्या माणसालाही दाखला हवा. व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या खलाशांना हे सांगायची गरज नाही, त्यांच्या कागदपत्रांत हे कार्ड आधीपासूनच असते. अडचण येते ती हौशी प्रवाशांना.

सहा दिवसांच्या अटीचा दुसरा अर्थही आहे. केनियातून दुबईला मुलीकडे गेलात, तिथे आठ-दहा दिवस राहिलात आणि मग मुंबईला आलात, तर धोक्याच्या देशातून निघून सहा दिवस उलटलेले असतात. तरीही मी लस न घेण्याचा सल्ला देणार नाही. एक तर कार्यक्रम कधीही बदलतो. आणि दुसरे म्हणजे, आजार खरा आहे. त्यावर औषध नाही. गंभीर रूप घेतले तर यकृत निकामी होते, कावीळ होते (नावातला पिवळेपणा तिथूनच आला), रक्तस्राव होतो आणि माणूस दगावू शकतो.

तारखा उलट्या मोजा

लस एकच. एकदा घ्यायची, दंडात. तिचा दाखला वैध होतो तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी. शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, म्हणून ही अट आहे, आणि तिच्यात कोणाच्या ओळखीने सूट मिळत नाही. ५ तारखेला लस घेतली, तर १५ तारखेपासून वैध. २० जुलैचे विमान असेल, तर १० जुलै ही अगदी शेवटची तारीख. १२ जुलैला घेऊन "परत येईपर्यंत होतील की दहा दिवस" असा हिशेब करू नका. मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या खिडकीवरच कार्ड पाहतात आणि वैधतेची तारीख पुढची दिसली तर तिथेच थांबवू शकतात. माझ्या भावाचे नेमके हेच झाले.

मी सगळ्यांना निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी कामाला लागा असे सांगते. त्याची कारणे आहेत.

पहिले कारण, केंद्रे थोडी आहेत आणि लसीची कुपी अनेक डोसांची असते. एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून केंद्रे ठरावीक वारी, ठरावीक संख्येने लोकांना बोलावतात. कधी साठाच संपलेला असतो. उन्हाळ्याच्या सुटीआधी आणि जुलै-ऑगस्टमध्ये मारातल्या प्राण्यांच्या स्थलांतराचा (मायग्रेशनचा) हंगाम असतो, त्याआधी गर्दी होते.

दुसरे, ही जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस आहे. गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्या यांसारखी दुसरी जिवंत लस नुकतीच घेतली असेल, तर दोन्हींमध्ये चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. लहान मुलांच्या बाबतीत हे नेहमी आडवे येते, तेव्हा आधी मुलांच्या डॉक्टरांकडची लसीकरणाची वही काढून बघा.

तिसरे, घरातल्या एखाद्याला लस द्यायची की नाही, हा प्रश्न निघाला तर त्याचा निर्णय व्हायलाही वेळ लागतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

केंद्र कुठे

घराजवळच्या दवाखान्यात किंवा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात घेतलेली लस चालत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्राचाच शिक्का जगभर धरला जातो. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना, बंदर आरोग्य संघटना आणि जे. जे. रुग्णालय ही लोकांच्या माहितीची केंद्रे. पुण्यात ससूनच्या आवारातले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय. गोव्यात मुरगावची बंदर आरोग्य संघटना. पूर्ण आणि ताजी यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. निघण्यापूर्वी ती बघाच, कारण केंद्रे वाढतात, वार बदलतात, आणि काही ठिकाणी ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत.

वेळ ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या: लस त्या दिवशी नक्की आहे का, शुल्क रोख भरायचे की ऑनलाइन, आणि साठ वर्षांवरील माणसासाठी डॉक्टरांचे पत्र कोणत्या नमुन्यात लागते. सांगली, कोल्हापूर, नाशिककडून येणाऱ्यांनी तर फोन लागेपर्यंत गाडीचे तिकीट काढू नये.

एजंट लोक "लस न घेता कार्ड मिळवून देतो" असे सांगतात. त्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका. कार्डावर लसीचा बॅच क्रमांक असतो, केंद्राच्या नोंदवहीत त्याची नोंद असते. खोटा दाखला पकडला गेला तर तुम्ही गुन्ह्यात अडकाल, आणि पकडला गेला नाही तर डासाला कार्ड वाचता येत नाही.

कोणाला ही लस चालत नाही

या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला. आपल्याकडून आफ्रिकेला जाणाऱ्या गटांत निवृत्त मंडळी खूप असतात. आयुष्यभर काटकसर केली, मुले मार्गी लागली, आता सिंह बघायचा, ही इच्छा अगदी समजण्यासारखी आहे. पण यलो फिव्हरची लस वयाच्या साठीनंतर पहिल्यांदाच घेताना जपून घ्यावी लागते.

कोट्यवधी लोकांनी ही लस घेतली आहे. न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये १७-डी हा विषाणूचा दुर्बल वाण तयार केला, १९५१ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले, आणि आजही तोच वाण वापरतात. बहुतेकांना पुढचे काही दिवस थोडी कणकण, डोकेदुखी, अंगदुखी, इतकेच होते. पण अगदी क्वचित लसीतला विषाणूच शरीरात वाढतो आणि मेंदूला किंवा यकृतासारख्या अवयवांना इजा करतो. हे क्वचितच होते, पण साठीपुढे याचे प्रमाण वाढते. म्हणून केंद्रावर साठ वर्षांवरील माणसाला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे पत्र आणायला सांगतात. ते पत्र म्हणजे निव्वळ सही-शिक्का समजू नका. डॉक्टरांसमोर बसा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, कुठे जाणार आणि किती दिवस, ते सांगा.

कोणत्या गोष्टी आवर्जून सांगायच्या? स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा तसलीच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत का. केमोथेरपी चालू आहे किंवा नुकतीच झाली आहे का. मूत्रपिंडाचे किंवा दुसऱ्या अवयवाचे प्रत्यारोपण झाले आहे का. एचआयव्ही आहे का. थायमस ग्रंथीचा काही विकार होता किंवा ती काढली आहे का. ही ग्रंथी छातीत असते, तिचे नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते, म्हणून जुने रिपोर्ट घेऊन जा. यांतल्या बहुतेक स्थितींत लस देत नाहीत. साधा मधुमेह किंवा रक्तदाब, जो औषधाने आटोक्यात आहे, तो मात्र आड येत नाही.

अंड्याचे वेगळे आहे. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याला ती चालत नाही. आपल्याकडे जन्मापासून शाकाहारी माणसे पुष्कळ. "अंड्याची ॲलर्जी आहे का?" असे विचारले की ती मोकळेपणाने "नाही" म्हणतात, पण खरे उत्तर "कधी खाल्लेच नाही" असे असते. ते तसेच सांगा. केक, बिस्किटे खाल्ल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या का, ओठ सुजले का, दम लागला का, किंवा आधीच्या कोणत्या लसीनंतर असा त्रास झाला का, ते आठवून सांगा. ज्यांना व्रत म्हणून अंड्याशी संबंधित काहीच नको, त्यांनाही हे आधी कळलेले बरे. केंद्रावर रांगेत उभे असताना कळून मनस्ताप होतो.

नऊ महिन्यांपेक्षा लहान बाळाला नेहमीच्या पद्धतीने ही लस देत नाहीत. सहा महिन्यांखाली तर मुळीच नाही. गरोदर असताना आणि अंगावर पाजत असताना डॉक्टर धोका आणि गरज तोलून ठरवतात. सहल ही गरज नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाळ वर्षाचे होऊ द्या, सिंह तिथेच असतील.

लस चालत नाही असे ठरले, तर वैद्यकीय सूटपत्र मिळू शकते. काही देश ते मानतात. पण भारतात परतताना त्या पत्राने विलगीकरण टळेल असे धरून चालू नका. सहा दिवस वेगळे राहण्याची तयारी ठेवूनच निघावे लागेल, आणि सत्तरीच्या माणसाने तेही औषधपाण्यासकट झेपेल का, याचा विचार करावा.

आमच्या शेजारच्या काकांचे वय ६८, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू. त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटले. काका दोन दिवस बोलले नाहीत. मग आम्ही बसून दुसरा आराखडा केला: दक्षिण आफ्रिकेतले क्रुगर आणि बोट्स्वानातले चोबे. दोन्हीकडे सिंह आणि हत्ती, आणि दोन्ही देश पीतज्वराच्या यादीबाहेर. विमान दुबईमार्गे घेतले, म्हणजे वाटेतला थांबाही प्रश्न निर्माण करणार नाही. काका आणि काकू जाऊन आले. चोबे नदीत पोहणाऱ्या हत्तींचे फोटो त्यांनी सोसायटीच्या गणपतीत मोठ्या पडद्यावर दाखवले. त्यामुळे "लस चालत नाही" याचा अर्थ "आफ्रिका नाही" असा लावू नका, आणि आई-वडिलांना "काही होत नाही हो, घेऊन टाका" असे तर कधीच म्हणू नका.

लसीच्या दिवशी

मूळ पासपोर्ट न्या. छायाप्रत, मोबाइलमधला फोटो चालत नाही, कारण पासपोर्ट क्रमांक दाखल्यावर उतरवायचा असतो. सोबत छायाप्रती, वेळ घेतल्याची पावती, डॉक्टरांचे पत्र, आधीच्या लसींचे कागद. प्रत्येकासाठी वेगळा दाखला असतो, लहान मुलांनाही वेगळा.

उपाशीपोटी जाऊ नका, नाश्ता करून जा. ताप असेल तर त्या दिवशी लस देत नाहीत, म्हणूनही दिवस हातात ठेवून जा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित येणारी ॲलर्जी याच वेळात येते आणि तिथे उपचाराला माणसे असतात. घाईने निघून रिक्षात बसू नका. नंतरचे तीन-चार दिवस थोडी कणकण येऊ शकते. आठवड्याभरात तीव्र ताप, गोंधळलेपण, कावीळ किंवा दम असे काही दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि "यलो फिव्हरची लस घेतली आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

कार्ड हातात आले की तिथेच वाचा

पिवळी पुस्तिका मिळाली की लोक ती पिशवीत टाकतात आणि विमानतळावर पहिल्यांदा उघडतात. तसे करू नका. खिडकीपासून हलण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक रकाना ताडा.

नाव पासपोर्टवर आहे तसेच हवे, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे इथेच घोटाळे होतात. लग्नाआधीचे नाव आधारवर आणि नंतरचे पासपोर्टवर, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कुठे आहे कुठे नाही, आडनाव आधी की नंतर. लिहिणाऱ्याला तोंडी नाव सांगू नका, पासपोर्टचे पान समोर धरा. मग जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक. लस कोणती आणि कोणत्या तारखेला, तारखेत महिना अक्षरांत लिहिलेला. लस बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक. वैधता कधीपासून, आणि कधीपर्यंत या जागी आयुष्यभरासाठी असा इंग्रजी मजकूर. डॉक्टरांची हाताने केलेली सही, कारण नुसता सहीचा रबरी शिक्का आंतरराष्ट्रीय नियमांत चालत नाही. आणि केंद्राचा अधिकृत शिक्का, ठळक उमटलेला.

एक सही तुमचीही असते. ती बहुतेक जण विसरतात. लहान मुलाच्या दाखल्यावर आई किंवा वडील सही करतात. सही येत नसलेल्या आजींचा अंगठा चालतो, पण तो त्यांचाच आहे असे शेजारी दुसऱ्याने लिहून द्यावे लागते.

खाडाखोड दिसली, आकड्यावर आकडा गिरवलेला दिसला, तर नम्रपणे नवे कार्ड मागा. खाडाखोड केलेला दाखला अवैध ठरवता येतो, हे दाखल्यावरच छापलेले असते. घरी येऊन पेनने स्वतः दुरुस्ती करणे तर सगळ्यांत वाईट.

मग दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा, फोटो काढून ठेवा. मूळ हरवले तर त्याच केंद्रात दुसरी प्रत मिळवताना तारीख आणि बॅच क्रमांक उपयोगी पडतात. प्रवासात मात्र मूळच न्यायचे.

जुने कार्ड, नवा पासपोर्ट

ज्यांनी पूर्वी कधी ही लस घेतली, त्यांच्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असेल. ती मुदत उलटली तरी घाबरू नका. ११ जुलै २०१६ पासून जागतिक नियम बदलला आणि हा दाखला आयुष्यभरासाठी वैध झाला. जुन्या कार्डांनाही हे लागू आहे, नवीन शिक्का मारून घ्यायची गरज नाही. भारतही हे मानतो.

पासपोर्ट बदलला असेल तर कार्डावरचा क्रमांक जुळत नाही. जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट सोबत ठेवा. शिवाय भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो. ते पान उघडून दाखवले की दोन्हींचा संबंध लागतो.

जाताना, येताना

कार्ड हातातल्या पिशवीत, पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. मोठ्या बॅगेत टाकले तर ते विमानाच्या पोटात जाईल आणि तुम्ही इमिग्रेशनच्या आधीच्या आरोग्य काउंटरवर रिकाम्या हाताने उभे राहाल. परतताना हे काउंटर आधी येते, बॅगा नंतर.

ही लस हिवतापापासून वाचवत नाही, डेंग्यूपासूनही नाही. मारामध्ये पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारे मलम, मच्छरदाणी, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्या तर हिवतापाच्या गोळ्या, हे सगळे वेगळे लागतेच. काही देशांसाठी पोलिओच्या थेंबांचा दाखलाही मागितला जातो, मोठ्या माणसांनासुद्धा, आणि तो निघण्याच्या चार आठवडे आधी घेतलेला लागतो. त्याची चौकशी लसीच्या केंद्रावर त्याच फेरीत करून घ्या.

नैरोबीहून मुंबईचे विमान साधारण सहा तासांचे. उतरायच्या आधी घरातल्या सगळ्यांची कार्डे एकत्र करून एकाच्या हातात द्या, प्रत्येक कार्ड त्याच्या त्याच्या पासपोर्टमध्ये, लसीचे पान उघडून. आम्ही सहा जण होतो. काउंटरवरच्या बाईंनी एकेक कार्ड पाहिले, तारखा पाहिल्या, मान हलवली. दोन मिनिटांत आम्ही पुढे गेलो.